दोन कुटुंबांचं घर आणि तिसरी चूल

आजचा विषय ऐकून काही जणांनी आम्हाला आधीच टोकलं आहे की, बाप्पा, नागपुरात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला? प्रश्न बरोबर आहे. आपल्या झिरो माइलच्या दगडापासून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरी विषय घेतला, कारण आपल्या ओळखीपाळखीत हे आता वरचेवर होतंय. दोन मित्र, दोन बहिणी, कधी दोन व्याही पैसे एकत्र करतात, दापोलीला, गुहागरला किंवा अलिबागकडे जागा बघतात, आणि सुट्टीसाठी एक घर बांधायचं ठरवतात. मग आर्किटेक्टकडे गेल्यावर पहिला प्रश्न निघतो तो बेडरूम किती आणि कुणाची कुठे, हा.

आमचं म्हणणं असं की हा प्रश्न बराच नंतरचा आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे आणि तो आम्ही शोधून काढलेला नाही. समुद्रकाठी सामाईक घरं चालवणाऱ्या लोकांनी तो दीडशे वर्षं रोज सोडवला आहे. तो समजायला थोडं इतिहासात जावं लागेल.

नागपूरचा समुद्र

आधी घरचाच हिशेब करू. नागपूरला समुद्र कधीच नव्हता असं नाही. १७५१ साली बंगालचा नवाब अलिवर्दी खान आणि रघूजी भोसले यांच्यात तह झाला आणि ओडिशाचा मुलूख नागपूरकरांकडे आला. बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये ठरले ते वेगळेच. म्हणजे कटक, बालासोर आणि पुरीचा किनारा नागपूरच्या अमलाखाली होता. हे १८०३ पर्यंत चाललं. त्या वर्षीच्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि तो किनारा इंग्रजांकडे गेला. पन्नासहून जास्त वर्षं आपला समुद्र होता, आणि तो बंगालच्या उपसागराचा होता.

पुढे रेल्वे आली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. खुर्दा रोड ते पुरी हा फाटा १८९७ मध्ये सुरू झाला आणि नंतर तोही याच कंपनीच्या कारभारात आला. या कंपनीने पुरीच्या किनाऱ्यावर स्वतःचं हॉटेल चालवलं. आजही तिथले लोक त्याला 'बीएनआर' म्हणूनच ओळखतात. त्या तीन अक्षरांतला मधला 'एन' म्हणजे आपलं नागपूर.

पण लक्षात घ्या, या सगळ्यात नागपूरकर समुद्रावर गेला तो यात्रेकरू म्हणून, नाहीतर पाहुणा म्हणून. धर्मशाळेत उतरला, हॉटेलात उतरला आणि परत आला. उन्हाळ्यात मध्य प्रांताचं सरकार पचमढीला जायचं, तेव्हा साहेबांचे बंगले उभे राहिले तेही डोंगरावर. समुद्रकाठी घर करून ते सांभाळायचं, वाटून घ्यायचं, त्यावरून भांडायचं आणि तरी ते टिकवायचं, ही परंपरा आपल्याकडे नाही. ती कोकणात आहे, आणि सुट्टीचं घर हा शब्द तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

चाकरमान्याचं घर

मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली १८५४ मध्ये. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून, माणसांचा लोंढा बोटीने मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, हापिसात चिकटला. हा चाकरमानी. मुंबईत त्याची एक खोली, तीही पुष्कळदा चारपाच जणांत. घर मात्र गावी. तो गावच्या घरी यायचा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात.

आता हे वर्णन आजच्या भाषेत मांडून बघा. राहणं शहरात, घर समुद्राजवळ, वर्षातून दोनतीनदा आठ-पंधरा दिवस मुक्काम, आणि मालकी एकापेक्षा जास्त कुटुंबांची, कारण घर दोघातिघा भावांचं. महाराष्ट्रात सामाईक सुट्टीचं घर सगळ्यात जास्त कुणी चालवलं असेल तर ते गिरणी कामगारांनी. फक्त त्याला ते 'गावचं घर' म्हणत.

या घराची रचना तुम्हाला माहीत असेल. पुढे खळं, मग ओटी, आत माजघर, देवाची खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूंना पडव्या. भिंत जांभ्याची. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. वर उतरतं छप्पर, आधी गवताचं किंवा नळीच्या कौलांचं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर हळूहळू मंगलोरी कौलं आली. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे साधारण हजार-अकराशे. म्हणजे तिकडचं छप्पर आपल्या छपरापेक्षा तिप्पट पाणी अंगावर घेतं, आणि तेही वाऱ्यासकट, आडवं. पडवी ही खोली कमी आणि भिंतीची छत्री जास्त असते.

दोन भावांची कुटुंबं वेगळी झाली की काय व्हायचं? कोकणात वेगळं होणं म्हणजे चूल वेगळी होणं. घराच्या मधून भिंत घालायची पाळी येईलच असं नव्हतं. माजघराची एक बाजू याची, दुसरी त्याची, स्वयंपाकघरात एकाच्या दोन चुली झाल्या, की झाली वाटणी. पण ओटी एकच राही, विहीर एकच, देवघर एकच. गणपती तर एकच. चार चुली झालेल्या घरातसुद्धा मूळ घरात एकच मूर्ती बसायची आणि सगळ्यांनी तिथे यायचं, ही रीत कितीतरी गावांत आजही आहे.

आणे आणि पाळी

मग हिस्सा कसा मोजायचा? त्यासाठी आणेवारी. पूर्ण मालमत्ता सोळा आणे, त्यात याचे आठ, त्याचे चार आणि चार. आंब्याफणसाच्या झाडांचीही वाटणी व्हायची. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असले प्रकार तिकडे कुणाला नवलाचे वाटत नाहीत.

जे वाटून घेता येत नाही त्यासाठी पाळी. देवळाची पूजा पाळीने आणि गणपतीचा खर्च पाळीने. खोती गावांत तर खोतीचा कारभारसुद्धा हिस्सेदारांत पाळीने फिरायचा. या वर्षी कारभार बघणारा खोत हा, पुढच्या वर्षी तो. १८८० च्या खोती कायद्याने कारभारी खोत ही कल्पना मान्य केली होती. म्हणजे जागा आण्यांत वाटायची आणि वेळ पाळीत वाटायचा, ही दोन हत्यारं आपल्या लोकांकडे आधीपासून होती. आज शहरात 'टाइम शेअर' म्हणून जे विकलं जातं ते याहून फार पुढे गेलेलं नाही.

पण आण्यांचा आणि पाळीचा हिशेब ज्या एका जागी कोलमडायचा ती जागा म्हणजे पावसाळा.

मे संपला की मुंबईचे भाऊ परत जायचे. जाण्याआधी किंवा गेल्यावर घर शाकारायचं असायचं. कौलं उतरवून, फुटकी काढून पुन्हा परतायची. पश्चिमेच्या अंगाला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. चार महिने गळती बघायची. आणि मुख्य म्हणजे चूल पेटती ठेवायची. ही स्वयंपाकापुरती गोष्ट नाही. चुलीचा धूर वासे-रिपांना लागतो, लाकूड कोरडं राहतं, त्याला कीड कमी लागते. बंद घरात ओल धरते, बुरशी येते, मग वाळवी येते. म्हणून कोकणात बंद घर पडतं असं म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

ही चूल पेटती कोण ठेवायचं? गावी राहिलेला एक भाऊ. किंवा भावजय, विधवा आत्या, म्हातारी आई. मुंबईच्या दोन भावांचे चार-चार आणे कागदावर सुरक्षित होते, पण घर उभं राहिलं ते या तिसऱ्या माणसाच्या बळावर. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, तेव्हापासून मुंबईचा पैसा गावी येऊ लागला. त्यातून कौलं आली, सुतार आला. पण मनीऑर्डर रात्री दोन वाजता उठून गळतीखाली घंगाळ ठेवत नाही. वाटणीच्या वेळी बहुतेक भांडणं खोल्यांवरून होत असल्यासारखी वाटतात. खोलात गेलं की खाली हेच सापडतं: 'इतकी वर्षं घर मी सांभाळलं, आणि हिस्सा सगळ्यांना सारखा?'

या तिसऱ्या माणसाच्या जागेला आम्ही आज तिसरी चूल म्हणतोय. दोन कुटुंबांचं सुट्टीचं घर हे खरं तर तीन कुटुंबांचं घर असतं. तिसरं कुटुंब तिथे वर्षभर राहतं, आणि नकाशात बहुतेक वेळा त्यालाच जागा नसते.

किहीम आणि अखबारच्या वह्या

आता थोडं उत्तरेला, अलिबागजवळ किहीमला जाऊ. इथली घरं वेगळ्या वर्गाची. मुंबईचे बॅरिस्टर, न्यायमूर्ती आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या मोठ्या कुळाचा किहीमशी जुना संबंध. पक्षितज्ज्ञ सालिम अली याच गोतावळ्यातले. १९३० मध्ये मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरणीच्या विणीचा तो गाजलेला अभ्यास केला. नोकरी नसलेल्या माणसाला डोकं टेकायला नातेवाइकांचं समुद्रकाठचं गाव असणं ही काय चीज आहे, ते यातून दिसतं.

या कुळाची एक पद्धत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कुळातल्या वेगवेगळ्या शाखांच्या घरी 'अखबार' नावाच्या वह्या असायच्या. छापील वर्तमानपत्र नव्हे, हाताने लिहायची वही. घरातलं कुणीही, मुलं, बायका, आलेले पाहुणे, त्यात लिहू शकत. कोण आलं, कोण गेलं, आजारपणं, सहली, वादविवाद, थट्टा. एकाने लिहिलेलं दुसरा नंतर येऊन वाचायचा.

सामाईक घरात दोन कुटुंबं पुष्कळदा एका वेळी नसतातच. एक जातं, दुसरं येतं. त्यांच्यातलं बोलणं कुठे व्हायचं? अशा वहीत होऊ शकतं. आजचा व्हॉट्सॲप ग्रुप हे काम करत नाही, कारण तिथलं चार दिवसांत वर सरकून जातं. पंप कधी दुरुस्त केला, गॅस कुणी भरला, माडावरून नारळ किती उतरवले, हे वहीत राहतं आणि वही घरात राहते.

कूळ लागण्याची भीती

मग तिसरी चूल नाहीशी कशी झाली? हा भाग नीट समजून घ्यावा लागेल, कारण इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कोकणात जमिनीचा मालक आणि कसणारा यांचं नातं फार कडू होतं. आज जिथे बंगल्यांच्या जाहिराती लागतात त्याच अलिबाग तालुक्यात, चरी गावात, १९३३ पासून सहासात वर्षं शेतकऱ्यांनी संप केला आणि सावकार-खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. हा न्याय होता आणि तो उशिराच झाला.

पण त्याची एक सावली घरांवर पडली. जमीनमालक, आणि नंतर बाहेरून येऊन जागा घेणारे लोक, धसका घेऊन बसले: कुणाला राहायला दिलं तर 'कूळ लागेल'. शेतजमिनीचा कायदा आणि राखणीला ठेवलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण भीती असा फरक करत नाही. मग गड्याला कुंपणाजवळ पत्र्याची खोली, लिहून काहीच नाही, पगार हातावर, आणि दोन वर्षांनी माणूस बदलायचा.

न्यायालयांनी याबाबत पुष्कळ स्पष्ट केलं आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. घर बहिणीचं, राहत होता भाऊ, आणि तो हक्क सांगत होता. न्यायालयाने म्हटलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षं राहिला तरी त्यावरून मालकी मिळत नाही. म्हणजे भीतीपोटी कुणाला पत्र्याखाली ठेवण्याचं कारण उरत नाही. साधा लेखी करार करा, पगार बँकेतून द्या. त्यात दोघांचीही सोय आहे.

नकाशा काढताना

आता हे सगळं कागदावर कसं उतरवायचं? आम्ही पाच गोष्टी सांगतो.

पहिली, तिसऱ्या चुलीपासून सुरुवात करा. रस्ता आणि विहीर या दोन्हींच्या जवळ एका कुटुंबाला राहण्यासारखं घर काढा: दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, स्वतःचा विजेचा मीटर आणि तुमच्या घराला जे कौल तेच त्यालाही. बजेटमध्ये हे आधी लिहा, शेवटी उरलेल्या पैशातून नको.

दुसरी, छप्पर. दोन कुटुंबांना आपापलं छप्पर हवं असतं आणि मग आर्किटेक्ट दोन उतार एकमेकांना चिकटवतो. मधे जी पन्हळ तयार होते तिथे सगळं पाणी आणि सगळा पाला जमतो. कोकणच्या पावसात गळती तिथून सुरू होते. म्हणून एक तर दोघांवर एकच मोठं छप्पर घ्या, नाहीतर दोन इमारती पूर्ण सुट्या ठेवून मधे मोकळं अंगण सोडा. दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला आहे. आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये तिथे माडांच्या बागेत दोन लांबट लाकडी इमारती समोरासमोर उभ्या केल्या, ताडाच्या लाकडाच्या झडपा लावल्या, पाणी बागेतल्या विहिरींचं. ते घर एकाच मालकासाठी केलेलं, पण दोन कुटुंबांनी जाऊन बघावं असं. आणि आपली नागपुरी सपाट स्लॅब तिकडे नेऊ नका. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो, आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात.

तिसरी, झोपायच्या खोल्या दोघांच्या अगदी सारख्या मापाच्या आणि वेगळ्या. समुद्र एकालाच दिसतो असं करू नका, त्यापेक्षा समुद्राकडची बाजू ओटीला द्या. ओटी दोघांची. मोठं स्वयंपाकघर एक, पण प्रत्येक बाजूला चहापुरता छोटा ओटा आणि कुलपाचं एक कपाट. चूल थोडी वेगळी असली की ओटीवर बसणं सोपं जातं.

चौथी, जागा. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत तिचे नियम लागतात. २०१९ च्या नव्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात दाट वस्तीच्या ठिकाणी पन्नास मीटर आणि विरळ वस्तीच्या ठिकाणी दोनशे मीटर हा बांधकाम न करण्याचा पट्टा आहे. दलाल काय सांगतो यापेक्षा तुमचा सर्व्हे नंबर नकाशात कुठे पडतो ते बघा. आणि शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे विदर्भाचा १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे, तिकडे १९४८ चा.

पाचवी, कागद. सातबाऱ्यावर दोन नावं आली की झालं असं समजू नका. सहमालकाला वाटणी कधीही मागता येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ आणि १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ यांनी घराला थोडं संरक्षण दिलं आहे: परक्याने हिस्सा विकत घेतला तरी त्याला थेट घरात घुसता येत नाही, आणि त्याने वाटणी मागितली तर उरलेल्यांना तो हिस्सा विकत घेता येतो. पण हे संरक्षण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराला आहे. तुम्ही दोघे मित्र असाल तर ते तुम्हाला लागू नाही. तेव्हा एकाला विकायचं झालं तर आधी दुसऱ्याला विचारायचं, किंमत कशी ठरवायची, शाकारणीचा आणि राखणदाराच्या पगाराचा खर्च कोणत्या प्रमाणात, गणपती आणि दिवाळीची पाळी कुणाची, हे सगळं पाया खणण्याआधी लिहून ठेवा.

एक प्रश्न

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्या विचारतात, 'आम्ही कॅमेरे लावू, महिन्यातून एकदा कुणाला तरी पाठवू. राखणदाराचं कुटुंब कशाला?'

ताई, ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. कोरोनामुळे प्रवास बंद होता, शहरातल्या मालकाला निघता येत नव्हतं. वीज गेली की कॅमेराही गेला. आणि वीज असती तरी त्यात फक्त उडालेलं छप्पर दिसलं असतं, त्यावर ताडपत्री बांधायला तिथे माणूस लागतो. पाऊस त्याच आठवड्यात सुरू होणार होता.

म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसावं आणि हा प्रश्न आधी सोडवावा: जूनपासून सप्टेंबरपर्यंत या घरात चूल कोण पेटवणार, आणि त्याला आपण काय देणार? याचं उत्तर दोघांना पटलं, की बेडरूमचा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. ते सापडत नसेल तर आपली पुरीची रीत वाईट नाही. दोन्ही कुटुंबांनी मिळून हॉटेलात उतरावं, मजा करावी आणि परत यावं.